इंदूकाकूंची दुर्बीण

बंदूक खांद्याला लावण्याआधी इंदूकाकू हातातल्या बांगड्या काढत आणि शेजारी जो कोणी उभा असेल त्याच्या ओंजळीत ठेवत. "होल्ड," एवढंच म्हणत. शेजारचा माणूस बहुधा सहा फुटी, दाढीवाला, चौकड्यांच्या लोकरी जाकिटातला असे. तो बिचारा तीर्थ घ्यावं तशी ओंजळ धरून निमूट उभा राही. मग काकू पदर खोचत, मंगळसूत्र मानेमागे टाकत, अर्धा श्वास सोडत आणि पन्नास यार्डांवरच्या कागदाला अगदी मधोमध भोक पाडत. "थँक यू," म्हणून बांगड्या परत घेत. बाजारात पिशवी धरायला दिली होती, असा चेहरा!

मी त्यांना पहिल्यांदा पाहिलं ते असंच. ऐंशीच्या दशकाची सुरुवात होती. मी ओहायोत डब्लिनला नवीन नोकरीवर आलो होतो. ऑफिसातल्या एकाने मला शनिवारी गावाबाहेरच्या रायफल क्लबात नेलं, आणि तिथे नऊवारी नव्हे पण चांगली सुती साडी, वर स्वेटर, पायांत कॅनव्हासचे बूट, अशी एक पन्नाशीची बाई पालथी झोपून नेम धरत होती. मी तोंड उघडं टाकून बघत राहिलो. त्या उठल्या, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मराठी ना रे तू?"

"हो काकू."

"मंडळात बोललास तर बघ. हातात काय आहे ते दिसतंय ना?"

मी बोललो नाही. आता काकूही नाहीत आणि भास्कररावही नाहीत, म्हणून मनसोक्त बोलतो आहे.

भास्करराव म्हणजे त्यांचे यजमान. मोठ्या कंपनीत इंजिनियर, महाराष्ट्र मंडळाचे खजिनदार, आणि अब्रूला फार जपणारे. त्यांनी जगाला सांगून ठेवलं होतं की इंदू शनिवारी लायब्ररीत जाते. त्यामुळे मंडळात काकूंच्या वाचनाचा मोठा दरारा होता. गणपतीत एकदा त्यांना 'माझे आवडते पुस्तक' या विषयावर बोलायला उभं केलं. काकूंनी सांगलीच्या कॉलेजातल्या एन.सी.सी.च्या आठवणी सांगून वेळ मारून नेली आणि भास्कररावांचा रुमाल घामाने भिजला.

एन.सी.सी.तच त्या नेमबाजी शिकल्या होत्या. त्यांच्या बोलण्यात ती अजून होती. स्वयंपाकघरात मी घाई केली की म्हणत, "घाईत भाजलेली भाकरी आणि घाईत सोडलेली गोळी, दोन्ही कच्च्याच." कुणी फार बढाया मारल्या की, "आवाज मोठा झाला म्हणजे नेम लागला असं नसतं."

नोव्हेंबरात क्लबात 'टर्की शूट' असे. नाव भयंकर; प्रत्यक्षात गोळ्या कागदावर झाडायच्या आणि जो जिंकेल त्याने बर्फासारखी कडक, पिशवीतली टर्की घरी न्यायची. काकू जवळपास दरवर्षी ती जिंकत. काकू शाकाहारी. अंडंसुद्धा घरात येत नसे. तर ती टर्की त्या दोन बोटांनी पिशवीचं टोक धरून माझ्या गाडीच्या डिकीत टाकत आणि म्हणत, "घे. कुठे शिजवलीस ते मला सांगू नकोस." माझा आणि माझ्या खोलीतल्या दोघा मित्रांचा नाताळापर्यंतचा संसार त्या टर्कीवर चाले.

मग एका वर्षी टर्की दुसऱ्याकडे गेली. काकू हसल्या, पण गाडीत बसल्यावर म्हणाल्या, "नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी दिसत नाही रे नीट. चष्मा दोनदा बदलला. यंदा असं झालं, पुढच्या वर्षी कागद तरी दिसेल का?" आणि खिडकीबाहेर बघत बसल्या. या बाईच्या आठवड्यातला एकच दिवस तिचा स्वतःचा होता, आणि तो धुरकट होत चालला होता.

उपाय होता. पन्नाशीपुढच्यांना बंदुकीवर दुर्बीण लावायची मुभा होती. प्रश्न एवढाच, की केवढ्याची? चाळीस डॉलरपासून सुरू होत होती, वर आकाश.

"चाळीसच्या पुढे एक सेंट नाही," भास्कररावांनी जेवताना निकाल दिला. "अगं, हिशोब तर बघ! दहा डॉलरची कोंबडी मिळवायला दोनशेची दुर्बीण. आणि ती कोंबडी खाणार कोण? तर हा गाढव!"

मी गाढव भाजी वाढून घेत होतो. मान हलवली.

"तुमचा स्लाइड प्रोजेक्टर केवढ्याचा होता?" काकूंनी विचारलं.

"तो वेगळा. त्याने ज्ञान मिळतं."

"कुणाला? पाहुणे तर झोपतात."

"पण हळूहळू झोपतात," मी म्हणालो. भास्कररावांनी माझ्यापुढची श्रीखंडाची वाटी उचलून स्वतःकडे घेतली.

पुढच्या शनिवारी मी काकूंना बंदुकीच्या दुकानात घेऊन गेलो. दुकानदार वॉल्ट नावाचा, सत्तरीचा, कमी बोलणारा. काकूंनी काउंटरसमोर खुर्ची मागवून घेतली, पदर सावरला आणि लग्नाचा बस्ता काढायला बसल्या. "दाखवा," म्हणाल्या. म्हणजे इंग्रजीत म्हणाल्या, पण सूर तोच. ही नको, जरा वरची दाखवा. आणखी? मागच्या फळीवर काय आहे? ती उघडा की. वॉल्टच्या हयातीत असं गिऱ्हाईक आलं नसावं. तिथे पुरुष येत, बोट दाखवत, पैसे टाकत आणि जात. इथे पाहता पाहता काउंटरवर काळ्या नळ्यांचा ढीग झाला. वॉल्ट मात्र रंगात आला. "मॅम, एक स्पेशल आहे," म्हणत तो आतून दोनशेवाली घेऊन आला. पैठणी शेवटी काढतात, तशी!

काकू एकेक दुर्बीण दारापाशी नेऊन रस्त्यापलीकडच्या चर्चचा फलक वाचत. चाळीसवाली झाली. ऐंशीवाली झाली. दोनशेवाली झाली. परत चाळीसवाली. त्यांचं बोलणं कमी होत गेलं. शेवटी दोनशेवाली मांडीवर ठेवून त्या खुर्चीत बसल्या.

"काय झालं काकू?"

"सगळ्यांत तेच धुकं आहे रे. चाळीसमध्ये जेवढं, दोनशेमध्ये तेवढंच."

वॉल्टने काच पुसली. काकूंनी मान हलवली. मग पुन्हा दारापाशी गेल्या, दुर्बीण उजव्या डोळ्याची काढून डाव्याला लावली, आणि तो फलक मोठ्याने घडाघडा वाचून दाखवला. रविवारची प्रार्थना, पाद्रीबुवांचं नाव, खालची बारीक अक्षरंसुद्धा.

परत येऊन वॉल्टला म्हणाल्या, "युअर गुड्स आर फाइन." मग माझ्याकडे वळून मराठीत, "माल सगळा चांगला आहे. गिऱ्हाईकच जुनं झालंय. मोतीबिंदू असणार. माझ्या आईला याच वयात झाला होता."

आता उठतील, घरी जातील, असं मला वाटलं. मी किल्ल्याही काढल्या. पण काकू पुन्हा बसल्या आणि डाव्या डोळ्याने सगळा बस्ता पहिल्यापासून पाहिला! अर्धा तास. शेवटी ऐंशीवाली बाजूला काढली. मी विचारलं, हीच का? तर म्हणाल्या, "चाळीस आणि ऐंशीतला फरक मला दिसतो. ऐंशी आणि दोनशेतला फरक फक्त वॉल्टला दिसतो. जो फरक आपल्याला दिसतो, त्याचेच पैसे द्यावेत."

हे वाक्य मी पुढे घर घेताना, गाडी घेताना आणि बायकोबरोबर सोफा निवडताना वापरलं आहे. सोफ्याच्या वेळी चाललं नाही. तिला सगळेच फरक दिसत होते.

"पण काकू, उजव्या डोळ्याचं काय?"

"दुर्बीण बंदुकीवर बसवून ठेव म्हणावं वॉल्टला. डोळा मागाहून आणते."

भास्कररावांना ऐंशीचा आकडा आणि मोतीबिंदू या दोन्ही बातम्या एकाच वेळी देण्यात आल्या. दुसरीच्या आवाजात पहिली बुडून गेली. ते एवढे घाबरले की डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाताना त्यांना गाडी चालवता येईना, म्हणून मी चालवली आणि तपासणीच्या खोलीतही मीच त्यांच्या शेजारी बसलो.

डॉक्टर तरुण आणि गोड बोलणारा होता. आतलं भिंग काढून नवीन बसवू, म्हणाला. फक्त एक ठरवा, या डोळ्याने तुम्हाला जवळचं चांगलं दिसायला हवं की लांबचं? उरलेल्या अंतरासाठी चष्मा देऊ.

"जवळचं," भास्करराव ताबडतोब म्हणाले. "शी रीड्स अ लॉट."

काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "फिफ्टी यार्ड्स," त्या म्हणाल्या.

डॉक्टरचं पेन थांबलं. लोक जवळ म्हणतात, लांब म्हणतात. यार्डांत माप कुणी दिलं नव्हतं. "पन्नास यार्डांवर काय आहे?" त्याने विचारलं.

काकू मांडीवरच्या पर्सकडे बघत बसल्या. सांगणं त्यांचं नव्हतं. इतकी वर्षं जे काय जगाला सांगायचं ते भास्कररावच सांगत आले होते. भास्कररावांनी टायची गाठ चाचपली. एकदा दाराकडे पाहिलं. दाराबाहेर मंडळाचं कुणी उभं असल्यासारखं. मग घसा खाकरला.

"शी शूट्स, डॉक्टर," ते म्हणाले. "रायफल. शी इज द बेस्ट इन द काउंटी."

"काउंटीत कुठली डोंबलाची!" काकू मराठीत पुटपुटल्या. "यंदा तिसरी आले."

"ते डोळ्यामुळे," भास्करराव म्हणाले.