यादीताई आणि परत आलेल्या ओळी

आमच्या रुग्णालयाच्या तळमजल्यावर, औषधांच्या भांडाराला लागून एक लांबट खोली होती. तिथे यादीताई बसत. त्यांचं खरं नाव हजेरीपटावर होतं, पण ते कुणाच्या तोंडी नव्हतं. रुग्णालयातली कुठली खाट, कुठला पंप, कुठली चाकांची खुर्ची कोणत्या विभागात आहे, याची यादी त्या सव्वीस वर्षं ठेवत आल्या होत्या, म्हणून यादीताई. मी शेजारच्या एक्स-रे विभागात होते. दुपारचा डबा आम्ही एकत्र खायचो, त्यामुळे हे सगळं मला जवळून बघायला मिळालं.

त्या वेळी त्या छप्पन्न वर्षांच्या होत्या. ठेंगण्या, चष्मा सदानकदा कपाळावर ढकललेला, बोलणं तुटक. कुणी म्हणालं, "ताई, तो जुना मॉनिटर वर कुठेतरी असेल," तर त्या म्हणायच्या, "कुठेतरी नावाचा विभाग आपल्याकडे नाही."

त्या वर्षी आमच्या अधीक्षकसाहेबांनी नवीन संगणक प्रणाली घ्यायचं ठरवलं. प्रत्येक वस्तूची त्यात स्वतंत्र नोंद राहणार होती: ती कुठे आहे, कधी घेतली, शेवटची तपासणी कधी झाली, पुढची कधी. तपासणीची तारीख जवळ आली की प्रणाली आपण होऊन आठवण करणार. कंपनीकडून एक इंजिनिअर आली. तिशीची, शांत मुलगी. तिने ताईंना समजावलं, "सगळी माहिती एका स्प्रेडशीटमध्ये भरायची. एका वस्तूला एक ओळ, बावीस रकाने. मग ती फाईल प्रणालीत चढवायची. प्रणाली एकेक ओळ तपासते. पटली तर आत घेते, नाही पटली तर परत पाठवते."

"आणि का परत पाठवली ते सांगते?"

"सांगते. पण तिच्या भाषेत."

मुदत सहा आठवड्यांची होती. नऊ विभागांच्या नऊ फाईली होत्या, वर्षानुवर्षं वेगवेगळ्या हातांनी भरलेल्या, प्रत्येकीचा थाट निराळा. ताईंनी त्या एकाखाली एक चिकटवल्या. दोन हजार आठशे शेहेचाळीस ओळी झाल्या. आठवड्याअखेर इंजिनिअरच्या देखत त्यांनी फाईल चढवली. पडद्यावर उत्तर आलं: चारशे बारा स्वीकारल्या, दोन हजार चारशे चौतीस नाकारल्या.

अधीक्षकसाहेब दारातच उभे होते. म्हणाले, "ताई, हे काम बाहेरच्या माणसाला देऊ. तुमचं वय झालंय असं मी म्हणत नाही, पण..."

"म्हणालात की, साहेब."

साहेब पडद्यावरचे आकडे पुन्हा वाचू लागले.

"बाहेरच्या माणसाला या वस्तू कुठे माहीत आहेत?" ताई म्हणाल्या. "तो फाईल सुंदर करून देईल, पण खरी नाही करणार. सहा आठवडे दिलेत ना? पाच उरलेत."

ताईंची सून शाळेत गणित शिकवायची. मुलांचे निकाल मांडून मांडून तिचा स्प्रेडशीटवर हात बसलेला होता. रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर सासूसुना संगणक उघडून बसल्या.

"आई, या ओळी पिवळ्या का केल्यात?"

"पिवळी म्हणजे बिघडलेली वस्तू. लाल म्हणजे मोडीत काढलेली."

"प्रणालीला रंग दिसत नाहीत. तिला शब्दांत सांगायला लागतं."

मग 'स्थिती' नावाचा रकाना भरायचा ठरला, आणि प्रत्येक रंगाचा शब्द झाला. काही फाईलींत वरच्यासारखंच आहे म्हणून खाली नुसत्या दोन रेघा मारलेल्या होत्या, तिथे पूर्ण नाव लिहिलं. चाकांची खुर्ची सात प्रकारांनी लिहिलेली निघाली, ती एका नावावर आणली. कुठे तक्त्यातले दोन दोन चौकोन जोडून एक केलेले होते, ते सोडवले. तारखा कुणी दिवस आधी लिहिल्या होत्या, कुणी महिना आधी. मॉनिटर आणि त्याचा स्टँड अशा जोडीत स्टँडला मॉनिटरचा क्रमांक लावायचा होता, आणि मॉनिटरची ओळ आधी चढवल्याशिवाय स्टँडची घेतली जात नव्हती. "बरोबर आहे," ताई म्हणाल्या. "आईच आली नाही तर लेकरू कुणाच्या नावावर लावणार?"

एका जागी मात्र दोघी अडल्या. एका ओळीत 'वॉर्ड ४' होतं, दुसरीतही 'वॉर्ड ४', पण पहिली स्वीकारली आणि दुसरी परत आली. सुनेने त्या चौकोनात टिचकी मारून पाहिलं. "याच्या शेवटी एक मोकळी जागा पडलीय. दिसत नाही, पण आहे."

"न दिसणाऱ्या गोष्टीवरून रुसून बसायचं म्हणजे अगदी तुझ्या सासऱ्यांवर गेलीय की ही."

आतल्या खोलीतून सासरे खाकरले. सून तोंडावर हात ठेवून हसत राहिली.

असं करत करत तिसऱ्या आठवड्यापर्यंत नाकारलेल्या ओळी तीनशे अडतीसवर आल्या. आणि तिथेच घोडं अडलं. या सगळ्यांचं दुखणं एकच होतं. यंत्र बनवणारी कंपनी त्यावर जो लांबलचक क्रमांक कोरते, तो बिघडला होता. स्प्रेडशीटने तो मोठा आकडा समजून आखडून टाकला होता: चार पूर्णांक पाच, मग एक इंग्रजी ई, मग अधिक अकरा. ती फाईल तशीच जतन झाल्यामुळे मागचे अंक गेलेच होते. काही क्रमांकांच्या सुरुवातीची शून्यंही गळाली होती. जुने कागद तळघरात पाणी शिरलं तेव्हा लगदा झाले होते.

"फाईलमधून हे अंक आता परत येणार नाहीत," इंजिनिअर म्हणाली.

"यंत्रांवर तर असतील?"

"तिथे असतील. पण तीनशे अडतीस यंत्रं, ताई!"

साहेबांनी सोपा मार्ग सुचवला. "त्या जागी एक, दोन, तीन असे क्रमांक टाकून द्या. प्रणालीला काय कळतंय?"

"तिला नाही कळणार, साहेब. पण उद्या बनवणाऱ्याने कळवलं की अमुक क्रमांकाचे पंप सदोष निघालेत, बाजूला काढा, तर आपण वॉर्डात जाऊन काय शोधायचं? एक, दोन, तीन?"

साहेबांनी खांदे उडवले. त्या दिवशी डबा खाताना ताईंनी मला एक जुनी हकिकत सांगितली. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी एका बाईचा कफ काढायला सक्शनचं यंत्र हवं होतं. ताईंच्या वहीत ते सहाव्या वॉर्डात होतं. प्रत्यक्षात ते कुणीतरी न सांगता हलवलं होतं. शोधायला वीस मिनिटं गेली. "त्या बाईचं पुढे काय झालं, ते मी विचारलं नाही," ताई म्हणाल्या. "धीरच झाला नाही. तेव्हापासून न बघता लिहायचं नाही, एवढं ठरवलं." मग त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि उठल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता त्यांनी फेरी सुरू केली. सोबतीला यंत्रं दुरुस्त करणारे आमचे मिस्त्री. त्यांचे गुडघे कुरकुरत होते, पण कुठल्या यंत्रावर क्रमांकाची पट्टी कुठल्या बाजूला असते, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नव्हतं. ताईंच्या हातात टॉर्च, पर्समधला छोटा आरसा आणि कागद. पट्टी यंत्राच्या पाठीमागे असली की आरसा धरायचा. मिस्त्री अंक वाचायचे, ताई लिहायच्या, मग ताई मोठ्याने वाचायच्या आणि मिस्त्री पडताळायचे.

"शून्य आहे की इंग्रजी ओ?"

"ताई, दिसायला तर दोन्ही भोपळेच."

"मग नीट पुसून बघा."

यादीत नसलेली वस्तू दिसली तरी तिचाही क्रमांक टिपायचा, असा ताईंचा नियम होता. मिस्त्री वैतागायचे, पण टिपायचे. एका वॉर्डातले आजोबा दोन दिवस हे बघत होते. शेवटी म्हणाले, "बाई, माझाही नंबर घेताय की काय?"

"तुम्ही घरी जाणार आहात," ताई म्हणाल्या. "मी फक्त इथे मुक्कामाला असलेल्यांचे घेते."

अकराव्या दिवशी ती दोघं मुलांच्या वॉर्डात होती. कोपऱ्यातल्या खाटेजवळ सलाइन ठरावीक वेगाने सोडणारा एक पंप चालू होता. शोधायच्या यादीत तो नव्हता, तरी नियमाप्रमाणे क्रमांक घेतला. खोलीत परत आल्यावर ताईंनी तो फाईलमध्ये शोधला आणि त्या थबकल्या. तो क्रमांक लाल ओळीत होता. मोडीत काढलेला पंप, सहा वर्षांपूर्वी.

"मोडीत काढलेला पंप चालतोय कसा?" मिस्त्री म्हणाले.

उत्तर वरच्या ओळीत होतं. त्याच बनावटीचे दोन पंप एकापाठोपाठ लिहिलेले होते. मोडीत निघाला होता वरचा. लाल झाली होती खालची ओळ. त्यामुळे चालू पंप तपासणीच्या यादीतून सहा वर्षांपूर्वीच गळाला होता.

मिस्त्री तडक वर गेले. परिचारिकेने पंप बदलून दिला. मिस्त्रींनी तो खाली आणून ताशी वीस मिलिलिटरवर लावला आणि मोजपात्रात पाणी सोडलं. अर्ध्या तासात दहा मिलिलिटर पडायला हवं होतं. तेरा पडलं. पुन्हा लावला. पुन्हा तेरा. त्या खाटेवरच्या मुलीला डॉक्टरांनी लगेच तपासलं. तिला नुसतं सलाइन चालू होतं, आणि तेही त्याच सकाळी लावलेलं. पोरीला काही झालं नव्हतं. त्या पंपावर आधी असलेल्या मुलांच्या नोंदीही त्यांनी चाळल्या, त्यांतही काही वावगं सापडलं नाही.

ताई स्टुलावर बसून होत्या. मी पाणी दिलं, ते त्यांनी घेतलं नाही. म्हणाल्या, "तो लाल रंग मीच दिला होता. त्या वर्षीच्या नोंदी माझ्या हातच्या आहेत."

"ताई, कुणाला कळणार आहे?" मिस्त्री हळूच म्हणाले.

ताईंनी चष्मा कपाळावरून खाली घेतला, दोन्ही ओळींचा कागद छापला आणि जिना चढून थेट साहेबांच्या खोलीत गेल्या. मीही मागोमाग गेले. त्यांनी कागद टेबलावर ठेवला आणि काय झालं ते सांगितलं. चूक कुणाची तेही.

साहेबांनी दोन्ही ओळींवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "आता?"

"आता सगळ्या लाल ओळी परत बघायच्या. एकशे चौऱ्याण्णव आहेत. मी एकीत चुकले म्हणजे आणखी कुठे चुकले नसेन असं नाही. मुदतीत होणार नाही. आणि माझ्यावर जी कारवाई असेल, ती काम झाल्यावर करा. मध्ये नको."

साहेबांनी फोन उचलला. कंपनीला म्हणाले, "दोन आठवडे थांबायला लागेल. नाही, अडचण काही नाही. काम नीट चाललंय, म्हणूनच."

लाल ओळींत आणखी दोन जिवंत वस्तू निघाल्या, एक तपासणीचा दिवा आणि एक चाकांची खुर्ची. दोन्ही निरुपद्रवी. तीनशे अडतीसपैकी तीनशे एकोणतीस यंत्रांचे क्रमांक मिळाले, नऊ यंत्रं कुठेच नव्हती. तेवढ्या ओळी वगळा असं साहेब म्हणून बघत होते, पण ताईंनी त्या ठेवल्या. क्रमांकाचा रकाना कोरा सोडून स्थितीत लिहिलं, 'सापडले नाही'. कोरा रकाना प्रणालीने घ्यावा म्हणून इंजिनिअरने त्या स्थितीसाठी खास सवलत करून दिली. दुबार नोंदी काढल्यावर फाईल दोन हजार सहाशे एकोणसाठ ओळींची झाली.

एका मंगळवारी सकाळी ती चढवली. आधी जागांची यादी, मग प्रकारांची, मग वस्तूंची, आणि हे सगळं आधी प्रणालीच्या चाचणीसाठी केलेल्या प्रतीत. साहेब, मिस्त्री, मी, सगळे त्या लांबट खोलीत दाटीवाटीने उभे होतो. दोन हजार सहाशे अठ्ठावन्न स्वीकारल्या, एक नाकारली. ती उघडून पाहिली तर खरेदीची तारीख होती एकतीस जून.

"हा दिवस कुणी साजरा केला होता?" मिस्त्री म्हणाले, आणि पहिल्यांदा ताई खळखळून हसल्या. ती तारीख पावतीच्या नोंदीवरून दुरुस्त झाली. मग खऱ्या प्रणालीत चढवलं. एकही ओळ परत आली नाही.

ताईंना लेखी ताकीद मिळाली. त्यांनी सही करून ती फाईलला लावली. महिन्याभराने साहेबांनी त्यांना पुन्हा बोलावलं. आमच्याच संस्थेच्या दुसऱ्या रुग्णालयात हेच काम सुरू व्हायचं होतं आणि ते ताईंनी करून घ्यावं असं वरून आलं होतं. घरी यजमान कुरकुरले, रोज दोन बस बदलाव्या लागतील म्हणून. ताई म्हणाल्या, "बस मी बदलणार आहे, तुम्ही नाही."

तिथला भांडारपाल बावीस वर्षांचा अनुभव असलेला, कपाळाला आठ्या घातलेला माणूस होता. बाहेरून कुणी बाई शिकवायला आली, हेच त्याला रुचलं नव्हतं. त्याने नमस्कारही केला नाही, नुसतं संगणकाकडे बोट दाखवलं. ताईंनी संगणकाकडे पाहिलंच नाही. पिशवी खुर्चीवर ठेवली आणि त्याला विचारलं, "तुमच्याकडे सगळ्यात लांबचा वॉर्ड कुठला? आधी तिथे जाऊ. तुम्ही वाचा, मी लिहिते."

तो क्षणभर घुटमळला. मग उठून त्याने किल्ल्या घेतल्या.