गार इंजिनाचे मिस्त्री

मिस्त्रींना जुनी गाडी दाखवायची, तर मालकाने ती सकाळपासून चालू केलेली नसावी, अशी त्यांची अट असे. पोहोचल्यावर ते आधी बॉनेटवर तळहात ठेवत. कोमट लागलं तर आल्या पावली परत. "तापलेली गाडी गोडच बोलते," ते म्हणत. "खरं काय ते गार असताना." नाशिकमध्ये द्वारका चौकाजवळच्या त्यांच्या गॅरेजचं खरं नाव कुणाला ठाऊक नव्हतं. लोक 'गार इंजिनाचे मिस्त्री' एवढंच सांगत.

फेरी मारताना गाडी घेणाऱ्याने चालवायची आणि मिस्त्री मागच्या सीटवर डोळे मिटून बसायचे. "पुढं बसलं की रस्ता दिसतो. मागं गाडी ऐकू येते."

मी कॉलेजात ग्रंथपाल. चाळिशीत मला एका लाल हॅचबॅकचं वेड लागलं. गाडी लहान, इंजिन दांडगं. मिस्त्री म्हणाले, "असली गाडी हळू चालवायला कोणी घेत नाय, सर. तुम्ही पहिलेच."

गाडी पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष व्यापाऱ्याची होती. त्याचं नाव मी मिस्त्रींना सांगितलं नव्हतं. आम्ही एसटीने गेलो. व्यापारी दारातच हसला. "अरे, हे तर आपलेच मिस्त्री. सर, आता बघायचं काय राहिलं?" त्याचे तीन टेम्पो मिस्त्रींकडे दुरुस्तीला येत. गॅरेजचं निम्मं काम तेवढ्यावर चाले.

मिस्त्रींनी तरीही सगळं बघितलं. धूर, क्लच, टायरच्या आतल्या कडा. चांदवडच्या रस्त्याने फेरी झाली, तेव्हा मागे डोळे मिटून बसले. परतल्यावर मी विचारलं, "अपघात वगैरे?"

"ओरखडासुद्धा नाही," व्यापारी म्हणाला. "विचारा मिस्त्रींना."

मिस्त्री फडक्याने हात पुसत होते. बराच वेळ पुसत राहिले. "शेठ, तेव्हा ही पांढरी होती. तुमच्या पोरानं घाटात उलटवली, अन् मीच सांगाडा ओढून सरळ केला." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "गावात चालंल. पण वेग धरला की डावीकडं खेचते. नका घेऊ."

"मिस्त्री, मीठ कुणाचं खाता?"

"तुमचंच, शेठ. म्हणून तर काम नीट केलं होतं."

त्यानंतर टेम्पो आले नाहीत. पुढे कधी गेलो की गॅरेजसमोरची जागा मोकळी दिसे. मी एकदा विषय काढला. "दुसरीकडं जात असतील," म्हणाले आणि स्पॅनर शोधू लागले. दोन वर्षांनी त्यांनी एका माणसाला रजा दिली. मग गॅरेज अर्धं केलं. गेल्या महिन्यात ते गेले.

त्या दिवशी पिंपळगावहून परतीच्या एसटीत ते माझ्या शेजारी बसले होते. एकदा म्हणाले, "सर, दुसरी बघू की." गाडी हातची गेली म्हणून मी नाशिक येईपर्यंत खिडकीबाहेर बघत होतो.