होकार बाकी

नानांची आणि माझी ओळख झाली ती कुरबुरीनं, आणि कुरबूर माझी होती. नारायणगावच्या आमच्या शीतगृहात, म्हणजे द्राक्षं नि टोमॅटो निवडून, पेट्यांत भरून थंड ठेवणाऱ्या कारखान्यात, देखभाल विभागाला नवं सॉफ्टवेअर आलं होतं. मशीन बिघडलं की तक्रार त्यात नोंदवायची, तिची वर्क ऑर्डर निघणार, ती मेकॅनिककडे जाणार, काम झालं की ऑर्डर बंद होणार. हे सगळं कॉम्प्युटरवर सांभाळायला मला घेतलं होतं. मी घोडेगावच्या वरच्या डोंगरातली, भात-नाचणीच्या घरातली. एसटीनं, मग जीपनं, नवी साडी नेसून वेळेच्या आधी हजर झाले, तर विभागप्रमुख श्री. मुरलीधर वायकर, म्हणजे आपले नाना, मला खुर्चीत बसूच देईनात.

"बाई, आधी मशीनं बघून घ्या," ते म्हणाले.

"मला कॉम्प्युटरचं काम सांगितलंय," मी म्हणाले.

"व्हय, तेच करायचंय. पण जिची ऑर्डर काढायची तिचं तोंड तरी बघाल का न्हाई?"

दिवसभर त्यांनी मला प्लांटमध्ये फिरवलं. साडीला ग्रीस लागलं आणि माझं डोकं फिरलं. प्रत्येक मशीनपाशी उभं करून ते त्याचं नाव सांगत, तेही कागदावरचं सोडून कामगारांच्या तोंडातलं. सगळ्यांत जुना कॉम्प्रेसर ‘म्हातारी’. मागच्या बाजूचा पंप ‘रडका’. सॉफ्टवेअरमध्ये नंबराशेजारी हीच नावं घालायला त्यांनी मला लावलं. मी नाक मुरडलं, तर म्हणाले, "लायनीवरच्या बाया म्हणणार, म्हातारी खोकतेय. तवा तुम्हाला कळायला नको का, कोण खोकतंय ते?" संध्याकाळी घरी जाताना मी मनाशी ठरवलं होतं की एक महिना काढायचा आणि दुसरीकडे बघायचं. अजून तिथंच आहे.

नाना यंदा पंच्याहत्तर वर्षांचे होत आहेत. त्यांच्या हातच्या कामाबद्दल त्या सोहळ्याच्या या गौरवग्रंथात जाणती मंडळी लिहितीलच. मी त्यांच्या एका नियमाबद्दल लिहिणार आहे, कारण त्या नियमानं मला सध्या चांगलंच कोंडीत पकडलं आहे, आणि त्यातून मला सोडवणारा माणूस तीन वर्षांपासून बेंगळुरूला जाऊन बसला आहे.

तो नियम असा. आमचे शंकरभाऊ जुने मेकॅनिक, हात सोन्याचा आणि तोंड तिखट. एकदा द्राक्षं निवडायच्या लायनीवरचा पट्टा झटके देतो, अशी तिथं काम करणाऱ्या हिराबाईंनी तक्रार केली. शंकरभाऊंनी पट्टा ताणला, मला सांगितलं, मी ऑर्डर बंद केली. पडद्यावर हिरवी खूण आली. दुसऱ्या दिवशी नाना लायनीवरून चालले असताना त्यांना हिराबाईंच्या मनगटाला बांधलेली चिंधी दिसली. पट्टा झटके द्यायचा थांबला नव्हता. दोनदा तक्रार करणं बरं दिसत नाही म्हणून ती माउली गप्प राहिली होती.

नानांनी ऑर्डर परत उघडायला लावली आणि सगळ्यांसमोर सांगितलं की यापुढं कुठलीही ऑर्डर मेकॅनिकच्या सांगण्यावरून बंद व्हायची नाही. ज्यानं तक्रार केली त्याच्यापुढं जाऊन उभं राहायचं, "झालं का समाधान?" असं विचारायचं, आणि त्यानं हो म्हटलं तरच बंद. तोवर पडद्यावर पिवळ्या अक्षरांत राहील, ‘काम झालं, होकार बाकी’.

शंकरभाऊ तडकले. "आमी काय आता हिराबाईच्या सहीनं काम करायचं व्हय?"

"शंकर, पट्ट्याम्होरं दिवसभर उभं कोण ऱ्हातं? तू का ती?" नाना म्हणाले. आवाज चढवला नाही. तो त्यांचा कधीच चढत नसे.

सॉफ्टवेअरवाल्यांनीही नाकं मुरडली होती. अशी सोय बाकी कुठं लागत नाही, ऑर्डरी तुंबतील, आकडे वाईट दिसतील, असं ते म्हणाले. "दिसू द्या," म्हणाले नाना. ऑर्डरी सुरुवातीला तुंबल्याही. मग शंकरभाऊच एक दिवस मला सांगायला आले, "सुनंदा, त्या रडक्या पंपाचा होकार घेऊन आलो बरं का," आणि छाती अशी काढून उभे राहिले की मला हसू आवरेना.

म्हातारीचा किस्साही सांगितला पाहिजे. नवा मोठा कॉम्प्रेसर आल्यावर वरून हुकूम आला, की म्हातारी भंगारात काढा, यादीतून नाव कमी करा. नानांनी ऐकलं नाही. दर महिन्याला तिची देखभालीची ऑर्डर निघत राहिली, शंकरभाऊ तिला तेलपाणी करत राहिले. मार्चच्या ऐन दुपारी नवा कॉम्प्रेसर बंद पडला, आत द्राक्षं खच्चून भरलेली, तेव्हा म्हातारी खोकत खोकत चालू झाली आणि माल वाचला. मी नानांना म्हटलं, तुम्हाला कसं माहीत की ही लागेल? म्हणाले, "माहीत नव्हतं. पण उभं असलेलं मशीन बंद समजू नये, पोरी. ते वाट बघत असतं." हे वाक्य मी जपून ठेवलं आहे आणि वेळ आल्यावर त्यांच्यावरच उलटवणार आहे.

माझ्यावर त्यांचे उपकार किती म्हणून सांगू. माझ्या आईचं ऑपरेशन निघालं तेव्हा हंगाम ऐन भरात होता. रजा मागायची माझी छातीच होईना. नानांना कोण बोललं कुणास ठाऊक. सकाळी कॉम्प्युटर उघडला तर माझ्याच नावानं वर्क ऑर्डर निघालेली, ‘सुनंदा, नियोजित शटडाऊन’. "मशीनला शटडाऊन मिळतो, मग माणसानं काय घोडं मारलंय?" असं म्हणून त्यांनी मला एसटीत बसवून दिलं आणि माझ्या जागी स्वतः बसले. परत येऊन बघते तर मधल्या दिवसांतल्या सगळ्या तक्रारी त्यांनी जनरेटरच्या नावावर घातलेल्या. पट्टा तुटला तो जनरेटरचा, दिवा गेला तो जनरेटरचा. निस्तरायला मला बरेच दिवस गेले. आई मात्र बरी झाली, आणि नानांची तब्येत कशी आहे हे ती अजून माझ्या आधी विचारते.

खोडदच्या शेजारी नानांचं घर आहे. तीन खोल्या, पुढं पायरी, लिंबाचं झाड, आणि ओट्यावरून दूरवर खोडदच्या रेडिओ दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या दिसतात. सुट्टीच्या दिवशी नानांच्या पत्नी, आमच्या काकू, आम्हाला मासवडीच्या जेवणाला बोलवायच्या आणि वाढता वाढता नानांची खोडी काढायच्या. स्वयंपाकघरातला नळ गळतो म्हणून सांगितलं की नाना दुरुस्त करणार आणि समोर उभं राहून विचारणार, झालं का समाधान?

"मी कशाला लगेच व्हय म्हणते?" काकू माझ्या कानाशी म्हणाल्या होत्या. "व्हय म्हटलं की चालले प्लांटवर. मी म्हणते, अजून थोडं टपकतंय बघा. मग बसतात रविवारभर घरात."

नाना ऐकत असत आणि न ऐकल्यासारखं करत. नळ कधीच दुरुस्त झालेला असे, हे त्यांना माहीत नसेल असं कोण म्हणेल?

काकूंचं दुखणं सुरू झालं तसं नानांनी काम सोडलं. तीन वर्षांपूर्वी काकू गेल्या, आणि चिरंजीव त्यांना बेंगळुरूला घेऊन गेले. मुलगा-सून लई चांगली आहेत, असं नाना प्रत्येक फोनला सांगतात, आणि पुढच्याच वाक्याला विचारतात, "रडका पंप काय म्हणतोय?" जाताना त्यांनी घराची किल्ली माझ्या हातात दिली. येता-जाता बघा म्हणाले.

आम्ही आळीपाळीनं जायचं ठरवलं. हंगाम आला आणि प्रत्येकाला वाटत राहिलं की दुसरा कुणीतरी जाऊन आला असेल. कुणीच गेलं नव्हतं. शेवटी गेलो तेव्हा पाण्याची मोटर गंजून जाम झालेली, स्विचबोर्डात मुंग्या. शंकरभाऊ पायरीवर डोकं धरून बसले. "हे मशीन असतं तर आपन इसरलो असतो का? सिस्टमनं आठवन केली असती."

मी दुसऱ्या दिवशी सकाळी कॉम्प्युटर उघडला आणि यादीत नवं नाव घातलं, ‘नानांचं घर’. दर महिन्याला ऑर्डर निघते. खिडक्या उघडणं, मोटर चालवणं, लिंबाला पाणी, कौलांची पाहणी. ज्याच्या नावावर येते तो सुट्टीच्या दिवशी जाऊन करून येतो. काम चोख होतं. अडचण एकच आहे. घर वापरणारा माणूस तिथं नाही, मग होकार कोण देणार? त्यामुळे त्या घराची एकही ऑर्डर आजवर बंद झालेली नाही. सगळ्या पिवळ्या.

वर्षातून एकदा हेड ऑफिसची माणसं सिस्टम तपासायला येतात. त्यांना ही पिवळी रांग दिसली. त्यातला एक साहेब आमच्या मॅनेजरना म्हणाला, "हे घर आपल्या आवारात कुठं आहे? आणि कामं झालीत तर बंद का करत नाही? तुमचे आकडे बिघडतायत."

मॅनेजरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "साहेब, ते नानांचं आहे. त्यांच्या होकाराशिवाय मी बंद करणार नाही. तुम्हाला करायचं असेल तर माऊस इथं आहे."

मॅनेजरांनी माऊस बाजूला सारला. "राहू दे," म्हणाले. "कामाच्या वेळेत जायचं नाही, एवढं पाळा." पुढच्या महिन्याची ऑर्डर त्यांनी स्वतःच्या नावावर घेतली. कौलं बघायला शिडीवर चढले ते शंकरभाऊंनी धरून उतरवले.

मग दिवाळीनंतर नानांचा फोन आला. रडक्या पंपाची चौकशी झाली, माझ्या आईची झाली. नंतर म्हणाले, "सुनंदा, घर देऊन टाकायचं म्हणतोय पोरगा. गावातलंच एकजण विकत मागतंय."

"तुम्ही काय म्हणता?"

"मी काय म्हणणार. वापर न्हाई ते किती दिवस जपायचं? तुम्हाला तरी किती त्रास द्यायचा? सोहळ्याला येतोय दोन दिवस, तवाच काय ते ठरवून टाकीन."

म्हातारीचं वाक्य तेव्हाच उलटवायचं होतं. पण मी नुसतं ‘या’ म्हणाले. फोन ठेवला आणि बाथरूममध्ये जाऊन रडले, हे इथं लिहायला मला लाज वाटत नाही. नाना नसलेल्या प्लांटची मला सवय झाली आहे. नाना परत येणारच नाहीत याची सवय मला करून घ्यायची नाही.

तर नाना, आता हे तुमच्याशी. उभं असलेलं बंद समजू नये, हे तुम्हीच सांगितलंत. तुमचं घर तीन वर्षं वाट बघत उभं आहे. चिरंजीवांनी मला तुमच्यासाठी हॉटेल बघायला सांगितलं होतं, ते मी बघितलेलं नाही. गाद्यांना ऊन दाखवलंय, टाकी भरून ठेवलीय, हिराबाई मासवडी करून आणणार आहेत. तुम्ही यायचं, पायरीवर बसायचं, नळ सोडून बघायचे, दारं लावून बघायची. तुमचे गुडघे तुम्हाला साथ देवोत, कान असेच तिखट राहोत, आणि तुमची शंभरी आम्हाला त्याच ओट्यावर बघायला मिळो, एवढं ग्रामदैवतापाशी रोजचं मागणं आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि शंकरभाऊ येऊन तुमच्यासमोर उभे राहू आणि विचारू, झालं का समाधान? तुम्ही हो म्हणालात, तर सगळ्या ऑर्डरी तिथंच बंद करीन, आणि घर कुणाला दिलंत तरी एक शब्द बोलणार नाही. नियम तो नियम. पण कुठं काही टपकत असेल, दार कुरकुरत असेल, तर तसं सांगा. दुरुस्त होईस्तोवर तुम्हाला थांबावं लागेल. काकू काय करायच्या ते तुम्हाला ठाऊक आहे, नाना. लवकर हो म्हणू नका.