मानेवरचा मळ

"पोरीची मान बघितलीस काय गो? नारळाचं सोडण घेऊन घासायला हवी," काकू आईला म्हणाली. तिने आवाज खाली आणला होता, पण काकूचा खालचा आवाजही खळ्याच्या दुसऱ्या टोकाला ऐकू येतो.

आम्ही तिघी मांडवाच्या सावलीत आंबे भरत होतो. काकू आढीतली तयार फळं निवडत होती, आई ती खोक्यांत लावत होती आणि मी खोक्यांना चिकटपट्टी मारत होते. वाकल्यामुळे माझी वेणी पुढे आली होती. मी ती मागे टाकली. आई हसून म्हणाली, लिंबू आणि बेसन चालूच आहे, हीच नीट लावत नाही.

ते शाळेपासून चालू होतं. आई न्हाणीत मला पाटावर बसवून मान घासायची. कातडी लाल होऊन चुरचुरायची आणि काळेपणा होता तिथेच राहायचा, मखमलीसारखा, वळीवळीत.

मग नोकरीसाठी तपासणी करून घ्यायची वेळ आली. रत्नागिरीतल्या दवाखान्यात नर्सने माझं ब्लडप्रेशर घेतलं, थोडं थांबून पुन्हा घेतलं आणि डॉक्टरांना बोलावलं. घरी सगळ्यांनी कारण लगेच सांगितलं: ही मुळातच घाबरट, माणसं दिसली की हिला धडधडतं. मुलगा बघायला आला तर मशीनच फुटेल, असं काकू म्हणाली. सगळे हसले. मीही हसले, कारण त्यानंतर कोणी काही विचारलं नाही.

डॉक्टरबाईंना मात्र ते कारण पुरेसं वाटलं नाही. त्यांनी मशीन घेऊन घरी मोजायला सांगितलं. खोलीचं दार लावून, एकटी, पाठ टेकून बसले तरी आकडा चढलेलाच. पुढच्या वेळी त्यांनी माझी मान पाहिली, कमरेला टेप लावली आणि उपाशीपोटी रक्त तपासायला पाठवलं. साखर चांगली आली. इन्सुलिन फार जास्त आलं.

मी इंग्रजीत उत्तरं देत होते म्हणून त्यांनी इंग्रजीतच समजावलं. शरीर इन्सुलिनचं ऐकेनासं होतं, मग ते आणखी इन्सुलिन तयार करतं. त्यामुळे साखर कित्येक वर्षं ठीक दिसू शकते. पण त्या जास्तीच्या इन्सुलिनमुळे मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळलेल्या राहतात आणि रक्तदाब वाढायला मदत होते. प्रत्येकाचा रक्तदाब यामुळेच वाढतो असं नाही, तुझ्यात मात्र दोन्ही एकत्र दिसतंय. आणि मानेवर आहे तो मळ नाही, या जास्तीच्या इन्सुलिनचीच खूण असावी. शेवटी त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाची मान अशी आहे का?

आई बाहेर बाकावर बसली होती. घरीही ती गाऊनवर कायम ओढणी घेते, गळ्याभोवती गुंडाळून, मे महिन्याच्या उकाड्यातही. ती ओढणी कशासाठी आहे हे मला ठाऊक आहे. दुपारी तिचं डोकं दुखतं तेव्हा तीच ओढणी कपाळाला करकचून बांधून ती पडून राहते. मावशीचंही असंच दुखायचं. ऊन लागलं, असं तीही म्हणायची, आणि एका दुपारी तिची उजवी बाजू गेली.

घरी आल्यावर मी आईला विचारलं, तुझं मोजू का? ती म्हणाली, "मला काय धाड भरलीय? मला कुठे नोकरीला जायचंय?" मला सगळं इंग्रजीत समजलं होतं आणि आईशी मी इंग्रजीत कधी बोलले नव्हते. वजन कमी करायला सांगितलंय, एवढंच मी म्हटलं. त्यानंतर ती डोकं धरून पडली की मी दारात उभी राहून हाक मारायची, तिचं बोलणं नीट येतंय ना ते ऐकायची आणि परत फिरायची.

मांडवात काकूचं चालूच होतं. पाहुणे आले की मानच आधी बघतात म्हणे. आई भरलेलं खोकं उचलायला उठली. अर्धं उचललं आणि खाली ठेवलं. एका हाताने तिने मांडवाचा खांब धरला, डोळे मिटले.

"ऊन लागलं," ती म्हणाली.

आम्ही सावलीत होतो.

काकूने तिला धरून पाटावर बसवलं. आईने घाम पुसायला गळ्यातली ओढणी ओढली आणि तिची मान उघडी पडली, माझ्यासारखीच, माझ्यापेक्षा काळी. काकूने ती पाहिली. तिने नजर वळवली आणि आढीतलं एक फळ उचलून उगाच हुंगून पाहिलं. आई घाईने ओढणी पुन्हा गळ्याभोवती घेऊ लागली.

मी आईसमोर उकिडवी बसले आणि ओढणीचं टोक धरलं.

"तो मळ नाही, काकू. माझाही नाही आणि आईचाही नाही. आई, उठू नकोस, बोलू नकोस, जरा शांत बस. मी मशीन आणते, आणि आकडा जास्त आला तर आंबे राहू देत इथेच, आपण आत्ता दवाखान्यात जायचं."