ओली फिल्म

न्हाणीघरातल्या दोरीवर चिमट्याने लटकवलेली फिल्म अजून ठिबकते आहे आणि मला तिच्याकडे बघवत नाही. सगळ्या चौकटींत आई आहे, गच्चीवर केस वाळवत बसलेली. भर दुपारी मी कॅमेऱ्यात उजेड जास्त घेतला, म्हणून तिचा चेहरा दाट काळा आला आहे. निगेटिव्हचं असंच असतं, जास्तीचा उजेडच तिथे काळोख होऊन बसतो. त्याची मला तेवढी भीती नाही. प्रिंट काढताना जास्त वेळ दिला की त्या काळ्यातूनही नाक-डोळे बहुतेक वर येतात.

भीती वाटते ती ओघळांची. चित्र उमटवणारं औषध घातल्यावर फिल्मचा डबा दर मिनिटाला उलटासुलटा करावा लागतो, नाहीतर औषध जागच्या जागी साचून फिल्मवर ओघळ उमटतात. तिसऱ्या मिनिटाला दवाखान्यातून फोन आला. "आईंचे रिपोर्ट आलेत. डॉक्टरांनी बोलावलंय, पण तुम्ही एकट्याच या."

डबा हातात तसाच राहिला, किती वेळ कोण जाणे. आपण घाबरून थिजतो, आत जे व्हायचं ते मात्र होतच राहतं. आता प्रत्येक चौकटीत आईच्या कपाळावरून गळ्यापर्यंत ओघळ उतरले आहेत. प्रिंटमध्येही ते जायचे नाहीत.

दारावर टकटक होते. बाहेर आई आहे.

"कशी आलेय गं मी? आणि मघाशी फोन कुणाचा होता?"

"थांब जरा," मी म्हणते, "अजून ओलं आहे सगळं."