गाठ मारलेला रुमाल

ओतूर-पुणे एसटीच्या कंडक्टरचं नाव मी कधी विचारलं नाही. तेव्हा दर मंगळवारी मी पुण्याला मानसोपचारांसाठी जायचे. आजाराचं नाव बॉर्डरलाइन पर्सनॅलिटी डिसऑर्डर. एकच माणूस मला सकाळी देव वाटायचा आणि दुपारी वैरी! कंडक्टरला यातलं काही ठाऊक नव्हतं. तो खिडकीजवळच्या सीटवर स्वतःचा रुमाल टाकून माझी जागा धरायचा आणि मलासुद्धा 'राव' म्हणायचा.

एकदा तो दुसऱ्याच बाईशी हसत बोलत राहिला, माझ्याकडे बघितलंच नाही. झालं! "तुम्हालाही मी नकोच आहे," असं ओरडून मी रुमाल खिडकीबाहेर भिरकावला.

"आता घाम कशानं पुसू, राव?" तो एवढंच म्हणाला.

पुढच्या मंगळवारी शरमेनं गाडीत चढले, तर त्याच सीटच्या दांडीला नवाकोरा रुमाल करकचून बांधलेला.

"फेकायचा तर आदी गाठ सोडा, राव. तवर राग उतरतोय."

डॉक्टर कित्येक महिने मला हेच शिकवत होते! मी खिदळत गाठ सोडायला बसले. नारायणगाव गेलं, मंचरला एकदाची सुटली. मग मी रुमाल झटकला आणि परत दांडीला बांधला, दोन गाठी मारून.