काहीच करत नाही

रोजगार कार्यालयाने आमच्या घरातल्या दोन पिढ्यांत मिळून एकच नोकरी दिली, आणि तीही रोजगार कार्यालयातच. सहा महिन्यांची, प्रशिक्षणार्थी म्हणून. वडिलांनी तरुणपणी तिथे नाव नोंदवलं होतं. कार्डाचं नूतनीकरण ते इतक्या नेमाने करायचे की तेवढ्या नेमाने त्यांनी दाढीही केली नाही. कॉल काही आला नाही, तेव्हा त्यांनी पिंप्राळ्यात पिठाची गिरणी टाकली. माझी ऑर्डर आली त्या दिवशी पिठाने पांढऱ्या झालेल्या हातांनी त्यांनी तो कागद धरला आणि म्हणाले, "उशिरा का होईना, दखल घेतली त्यांनी."

मी एम.ए. मराठी. म्हणजे नोकरीच्या बाजारात माझी किंमत काय, हे मी जाणून होते. मला बसवलं मदतकक्षात. तिथे येणाऱ्या मुलामुलींचे ऑनलाइन फॉर्म भरून द्यायचे, नोकऱ्यांच्या जाहिराती त्यांना फोन करून सांगायच्या, मेळाव्याला न्यायचं. शेजारच्या टेबलावर निवृत्तीला आलेले एक कारकून होते. त्यांना साहेबापासून चहावाल्यापर्यंत सगळे नाना म्हणत.

पहिल्याच आठवड्यात मला कळलं की आपल्या खानदेशात कोणी काही करतच नाही. शिक्षण विचारलं की घडाघडा सांगत. अनुभव विचारला की मान खाली. "काहीच नही करस मी," अमळनेरकडचा एक पंचविशीचा तरुण म्हणाला. मी रकान्यात 'निरंक' टाइप केलं. नानांनी खुर्ची वळवली आणि त्याला विचारलं, "काल सकाळी उठल्यापासून काय काय केलं रे भाऊ?" तो सांगू लागला. सकाळी विहिरीतली मोटर वर काढली, बेअरिंग बदललं, परत सोडली. दुपारी शेजारच्या गावात दोन मोटरी जळाल्या होत्या, त्यांच्या तारा नव्याने भरून दिल्या. संध्याकाळी आणखी एक आली.

"आणि हे काम नाही?"

"ते त घरनं काम शे," तो म्हणाला. नानांनी माझ्याकडे न पाहता सांगितलं, "ते निरंक खोडा, बाई." तीन आठवड्यांनी तो एका पंपाच्या दुकानात लागला.

तेव्हापासून मीही तोच प्रश्न विचारू लागले. घरचं, भावकीचं, गावाचं काम हे काम नव्हेच, यावर आमच्याकडे सगळ्या जातीधर्मांचं एकमत आहे. दुसऱ्या कुठल्या बाबतीत एवढं एकमत झालं असतं तर बरं झालं असतं. नाना म्हणायचे, पिकतं तिथे विकत नाही. त्यांची पद्धत साधी होती. माणूस जे सांगेल ते, तेवढंच, तिथल्या तिथे लिहायचं.

मला ती पद्धत फार कोरडी वाटायची. विशेषणांशिवाय वाक्य म्हणजे मिठाशिवाय भाजी, असं माझं तेव्हाचं मत. मी हळूहळू फोडणी द्यायला लागले. घरच्या दुकानात गल्ल्यावर बसणारा 'किरकोळ विक्री व्यवस्थापन' करू लागला. बहिणीच्या लग्नात वाढप्यांवर ओरडणारा 'कार्यक्रम संयोजक' झाला. लोक खूश, मी त्याहून खूश.

पाचव्या महिन्यात फैजपूरहून एक मुलगी आली. बी.ए. झालेली, बोलायला कमी. धुळ्याला तिथल्या आणि आमच्या जिल्ह्याचा मिळून रोजगार मेळावा होता आणि त्यात केळी निर्यात करणाऱ्या एका व्यापाऱ्याची जागा होती, प्रतवारी पर्यवेक्षकाची. तिला तीच हवी होती. घरी मोठ्या भावाने सांगितलं होतं, एकदा जाऊन ये, नाही लागली तर नोकरीचा विषय बंद. हे तिने तक्रारीच्या सुरात सांगितलं नाही, बसची वेळ सांगावी तसं सांगितलं.

"काय करतेस सध्या?"

"काहीच नाही, ताई."

मग मी कालचा दिवस विचारला. सकाळी बागेत गेले, म्हणाली. कोणता घड कापायला आला ते पाहिलं. मग काकाच्या बागेत पाहिलं. व्यापाऱ्याची गाडी उद्या बोलवा, परवा नको, असं सांगितलं. "कसं कळतं तुला?" "पाहिलं की कळते. घरचंच त व्हय ते." एवढंच तिचं उत्तर.

मला वाटलं, एवढ्यावर कोण नोकरी देणार! भावाचा एकच दिवस, बिचारी, काहीतरी वजनदार पाहिजे. मी लिहिलं: 'निर्यातक्षम केळी गुणवत्ता नियंत्रण व्यवस्थापक, तीन वर्षांचा अनुभव, कंटेनर भरणीचे नियोजन व मनुष्यबळ हाताळणी.' नाना त्या दिवशी रजेवर होते. तिने कागद वाचला, काहीतरी विचारणार होती, मग घडी घालून पर्समध्ये ठेवला. सरकारी ऑफिसात बसलेली बाई लिहिते म्हणजे असंच लिहीत असतील, असं तिला वाटलं असणार.

धुळ्याच्या मेळाव्यात एका कॉलेजच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. गर्दी एवढी की प्रत्येक नोकरीमागे एक वरात असावी. मी तिच्या मागेच उभी होते, कौतुकाने. व्यापाऱ्याने कागद वाचला आणि खुर्चीत सरसावून बसला.

"वा. महिन्याला किती कंटेनर भरायच्या?"

ती त्याच्या हातातल्या कागदाकडे पाहू लागली.

"तापमान किती ठेवायच्या? हाताखाली माणसं किती होती?"

"मी हे नाही केलं, साहेब," ती म्हणाली. "मी फक्त बाग पाहते."

त्याने कागद उलटा ठेवला. "खोटा कागद घेऊन आलेल्या माणसाच्या भरवशावर मी माल बाहेर पाठवू?" मागच्या रांगेत कोणीतरी हसलं. ती उठू लागली. मी पुढे झाले आणि म्हणाले, ते मी लिहिलंय, तिने नाही, तिला बागेतलं काय कळतं ते तरी विचारा.

त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं, कागद पुन्हा सुलटा केला आणि सावकाश वाचला. "हे तुम्ही लिहिलं? एवढ्याशा माहितीवर?" मी मान हलवली. "मला खोक्यांवरचा मजकूर लिहायला, बाहेरच्या गिऱ्हाइकांशी पत्रव्यवहार करायला माणूस पाहिजेच आहे. फोन करा." त्याने कार्ड पुढे केलं. "आणि पुढचे कोण आहेत?"

पुढचा उमेदवार खुर्चीत बसलासुद्धा. हात दाखवून अवलक्षण म्हणतात, तर मी हात दाखवला आणि अवलक्षण तिच्या वाट्याला आलं.

परतीच्या एसटीत आम्ही शेजारी बसलो. पारोळा गेलं. मग तीच बोलली.

"ताई, मी करते ते लिहिलं असतं त तो मागचा हसला असता का?"

"नाही. बहुतेक नसता हसला."

"मंग तुमाले मी करते त्याची लाज वाटली?"

हो, वाटली होती. मला तिची दया आली होती, आणि दया आली म्हणजे आपण चांगल्या, असा माझा समज होता. मी "हो" म्हणाले. ती रागावली नाही, हे जास्त झोंबलं. एरंडोलच्या स्टँडवर तिने केळीचे वेफर्स घेतले, पुडा माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "तुमी फोन करा पण. एकीले तरी लागू द्या."

मी फोन केला. चार दिवस केला नाही, पाचव्या दिवशी केला. माझे सहा महिने संपायला आले होते आणि गिरणीवर बसायची माझी इच्छा नव्हती, याहून उदात्त कारण माझ्यापाशी नाही. नानांना सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "लागली ना? नोंद करून टाका."

नोकरीला दीड महिना झाल्यावर मला आमच्या फैजपूरकडच्या पॅकिंग शेडमध्ये पाठवलं, फोटो काढायला. आत बायका केळीच्या फण्या पाण्यातून काढत होत्या. त्यांच्यात ती होती, रोजंदारीवर, चिकाने काळी झालेली ओढणी कमरेला खोचून. पर्यवेक्षक म्हणून लागलेला तरुण दर थोड्या वेळाने एखादी फणी घेऊन तिच्याकडे यायचा. ती नजर टाकायची, "ही खोक्यात," "ही लोकल बाजारले," आणि तो ते वहीत आपल्या अक्षरात लिहायचा.

भावाने हे कसं चालवून घेतलं, मी विचारलं. "घरामागंच त शे शेड," ती म्हणाली. "इथलं काम काम नाही धरत ते."

मला एकदम रडू आलं आणि रागही आला, त्या भावाचा, त्या तरुणाचा, सगळ्यात जास्त माझा. मी म्हणाले, साहेब मला ओळखतात आता, तुझा फॉर्म मी पुन्हा भरते, स्वतः नेऊन देते. तिने हातातली फणी खाली ठेवली.

"भरा. पण मी सांगीन तेवढंच लिहायचं. एक शब्द जास्त नाही."

मी एका खोक्यावर बसले आणि पेन काढलं. तिने सुरुवात केली: घडातल्या केळ्यांच्या कडा गोल होत आल्या की किती दिवस उरले ते. मृगात लावलेल्या बागेचं वेगळं, पावसाळ्यानंतर लावलेल्या कांदेबागेचं वेगळं. थंडी पडली की किती दिवस वाढतात. कोणत्या वावराचं पाणी भारी, तिथला माल किती दिवस टिकतो. कापताना घड टेकला तर डाग कुठे उमटतो आणि कधी दिसतो. मी लिहीत होते, मान वर करायला सवड नव्हती. व्यवस्थापक, नियोजन, हाताळणी असलं जे मी तिच्या नावावर रचलं होतं, ते तीन ओळींत आटोपलं होतं. हिचं सांगणं कागदाच्या दोन्ही बाजू भरल्या तरी संपेना, आणि मला दुसरा कागद मागायला उठावं लागलं.